मागच्या सीटवरचा परीक्षक

आमच्या शहराला समुद्र आहे हे मला नकाशावरून माहीत होतं. खिडकीचे गज दरवर्षी गंजायचे, ऑफिसातल्या फायलींना बुरशी धरायची, मीठ डब्यात पाणी सोडायचं, त्यावरूनही अंदाज होता. पण मुद्दाम उठून समुद्र बघायला जावं असा प्रसंग नोकरीच्या एकतीस वर्षांत फारसा आला नाही. घर, ऑफिस, बाजार आणि दवाखाना अशा चौकोनात आमचा संसार बसला होता आणि त्या चौकोनाची एकही बाजू पाण्याला लागत नव्हती.

निवृत्त झाल्यावर सात महिन्यांनी एके दिवशी बसस्टॉपवर एका पाहुण्या जोडप्यानं विचारलं, दीपगृहाकडे कसं जायचं? मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी पिशवी धरून उभ्या असलेल्या आमच्या बायकोनं शांतपणे सांगितलं, "आम्ही इथले नाही."

माझा जन्म त्या बसस्टॉपपासून दोन गल्ल्यांवर झालेला आहे. घरी आल्यावर मी तिला तसं ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, मग सांगायचं होतंत की कसं जायचं. मी बराच वेळ विचार केला. दीपगृह उत्तरेला की दक्षिणेला इथंच गाडी अडली. शेवटी माणूस अशा वेळी करतो तेच मी केलं, म्हणजे एक मोठी घोषणा केली. एक गाडी भाड्यानं घ्यायची आणि शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळा किनारा पालथा घालायचा. मासेमारीचा धक्का, खाडीवरचा पूल, मिठागरं, पलीकडची वाळू आणि सगळ्यात शेवटी दीपगृह. चालवणार कोण, असं तिनं विचारलं. मी नुसता हसलो.

हसण्याचं कारण असं, की मी लायसन्स ऑफिसात परीक्षक होतो. ड्रायव्हिंगची टेस्ट घ्यायची, हे माझं काम. डावीकडच्या सीटवर बसायचं, मांडीवर फळी, फळीला चिमटा, चिमट्यात फॉर्म. अर्ध्या शहराला मी लायसन्स दिलं आणि उरलेल्या अर्ध्याला महिन्यानं परत या म्हणून सांगितलं. आजही रस्त्यात एखादी गाडी माझ्या अंगावर आली तर ती चुकून आली की आठवणीनं आली, हे मला ठरवता येत नाही. स्वतःची गाडी मात्र मी कधी घेतली नाही. ऑफिसच्या दारात बस थांबायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बावीस वर्षांपूर्वी बायकोनं लायसन्ससाठी अर्ज केला होता. दोन महिने पहाटे उठून, घरचं सगळं आवरून ती ड्रायव्हिंग क्लासला गेली. टेस्टच्या दिवशी तिचं नाव नेमकं माझ्या यादीत आलं. सहकारी म्हणाले, द्या इकडे, आम्ही घेतो. मी म्हणालो, नियमात बसत नाही. झालं. सगळं ऑफिस व्हरांड्यात येऊन उभं राहिलं. कॅन्टीन बंद पडलं. तिनं इंग्रजी आठचा आकडा काढला, गाडी रिव्हर्समध्ये घेऊन दोन खांबांच्या मध्ये उभी केली, आणि चढावर आली. चढावर पांढरी रेघ असते. रेघेवर थांबायचं आणि गाडी मागे न सरकवता पुन्हा उचलायची. तिनं उचलली. मी फॉर्मवर लिहिलं : गाडी मागे सरकली, नापास.

गाडी मागे सरकली नव्हती.

व्हरांड्यातले लोक म्हणाले, साहेब म्हणजे साहेब. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात एक वचन रूढ झालं, की आपलं माणूस असेल तर दुप्पट कडक. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी ते स्वतः शिकवायचो. बायकोनं तो फॉर्म चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि बसमध्ये मला विचारलं, भाजी कुठली घ्यायची. पुन्हा अर्ज केला नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी खोटं नापास एकदाच लिहिलं आणि तेही घरच्या माणसाविरुद्ध. याची मला लाज वाटायची. लाज वाटली की मी तिला चहा करून द्यायचो. बावीस वर्षांत मी बराच चहा केला आहे.

तर शनिवारचा बेत. आमच्या इमारतीत बेत गुप्त राहत नाही. तळमजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी कागदावर आकृती काढून सांगितलं, की जाताना ऊन उजव्या बाजूला असेल, तेव्हा जाताना मी आणि येताना बायकोनं त्या बाजूला बसावं. चालवणारा नेहमी उजवीकडेच बसतो हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ते उदाहरणात दिलेलं नव्हतं. औषधाच्या दुकानदारानं उलटीच्या गोळ्या दिल्या, तुमच्यासाठी नाही, तुमच्या शेजारी बसणाऱ्यासाठी, असं म्हणून. आणि वरच्या मजल्यावरचे कॅप्टन खाली येऊन तासभर भरती-ओहोटीवर बोलले. कॅप्टन म्हणजे बंदरातला गाळ उपसणाऱ्या बोटीचे कॅप्टन. अठ्ठावीस वर्षांत त्यांची बोट बंदराच्या तोंडाबाहेर गेली नव्हती. पण आम्ही त्यांना कॅप्टनच म्हणायचो आणि तेही सगळ्या जगाला एक मोठं बंदर समजून वागायचे.

गाडी भाड्यानं देणाऱ्यांचं ऑफिस म्हणजे केस कापायचं दुकान आणि शिकवणीचा वर्ग यांच्या मधली एक खोली. कोपऱ्यात मासे नसलेली काचेची पेटी. काउंटरवर एक मुलगी दोन फोनवर एकदम बोलत होती. तिनं न बघता हात पुढे केला. मी त्या हातावर माझं लायसन्स ठेवलं, जरा रुबाबातच ठेवलं. तिनं ते उलटंसुलटं केलं आणि परत दिलं.

"काका, हे संपलंय."

मी म्हणालो, शक्य नाही. तिनं तारीख दाखवली. चौदा महिने झाले होते. म्हणजे नोकरीतले शेवटचे सात महिने मी मुदत संपलेल्या लायसन्सवर इतरांची परीक्षा घेत होतो. तिला मी कोण आहे हे सांगून पाहिलं. ती समजूतदारपणे म्हणाली, तुमच्यासारखे बरेच येतात. आणि एक वर्षापेक्षा जास्त उशीर झाला तर टेस्ट परत द्यावी लागते, हा नियमही तिनंच मला सांगितला. हा नियम मी रडणाऱ्या माणसांना पाणी देऊन समजावून सांगत असे. त्या माणसांना नेमकं काय वाटत असेल, ते त्या दिवशी मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच ऑफिसात रांगेत उभा राहिलो. बायकोला तिथून पुढं चष्म्याच्या दुकानात जायचं होतं, म्हणून तीही सोबत होती. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी मला ओळखलं, तब्येतीची चौकशी केली, चहा मागवला, आणि फॉर्म परत दिला. फोटोची मागची बाजू पांढरी हवी, माझी फिकट निळी होती. ही सूचना असलेला बोर्ड मीच लावून घेतला होता. फोटो काढून आलो तर डॉक्टरचा दाखला जुन्या नमुन्यातला निघाला. नवा नमुना मी निवृत्त झाल्यावर निघाला होता, आणि तो काढायला मीच एक टिपण लिहून ठेवलं होतं, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. दुपारी अडीचला माझा नंबर लागला.

टेस्ट घेणारा माझाच शिष्य. हातात माझीच फळी. मी सवयीनं जाऊन डावीकडच्या सीटवर बसलो. तो बाहेर उभा राहिला. मला वाटलं, हा आदर दाखवतोय. थोड्या वेळानं तो वाकून म्हणाला, साहेब, त्या बाजूला. व्हरांड्यात लोक जमले होतेच. आठचा आकडा मी काढला, जरा सात-आठच्या मधला निघाला, पण त्यानं चालवून घेतला. चढावर रेघेवर थांबलो. गाडी एकदा बंद पडली. पुन्हा चालू केली, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली. त्यानं खाली उतरून रेघ आणि चाक यांच्यामध्ये हात ठेवला.

"चार बोटं, साहेब."

मी म्हणालो, चार बोटं म्हणजे काही नाही. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं, साहेब. पण तुम्हीच शिकवलंत. आपलं माणूस असेल तर दुप्पट कडक." आणि त्यानं माझ्यासमोर लिहिलं : गाडी मागे सरकली, नापास. अक्षरसुद्धा माझ्यासारखं काढतो. व्हरांड्यातलं कुणीतरी म्हणालं, शिष्य असावा तर असा.

मी खाली मान घालून आलो तर बायको पाच नंबरच्या खिडकीपाशी बाकावर बसली होती. बसमध्ये तिनं पर्समधून एक कागद काढून दाखवला. तिचं लर्निंग लायसन्स. मी म्हणालो, हे कधी? ती म्हणाली, तुमचं चाललं होतं तेव्हा. त्या खिडकीला गर्दी नव्हती आणि वर पंखा चांगला होता. तुमच्या शिष्यानंच फॉर्म आणून दिला, त्याला तुमच्याबद्दल आधीच वाईट वाटत होतं. मी छान म्हणालो. मग आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी पोचेपर्यंत इमारतीला सगळं कळलं होतं. कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नाही. बेत रद्द करावा असं मी ठरवलं, पण संध्याकाळी कॅप्टन स्वतःचं लायसन्स घेऊन दारात उभे. मी चालवतो म्हणाले. लायसन्सवर सही माझीच होती. एकोणीस वर्षांपूर्वीची ती टेस्ट मला नीट आठवते. कॅप्टननी साधं वळण घ्यायला पूर्ण ट्रॅक वापरला होता, आणि रिव्हर्स येत नाही, बोटीला त्याची गरज नसते, असं सांगितलं होतं. पण त्या दिवशी पाऊस धो धो पडत होता, जेवायची वेळ झाली होती, आणि कॅप्टन तेव्हा आमच्या इमारतीत राहायला आले नव्हते. परका माणूस म्हणून मी त्यांना पास केलं. बायको त्या सहीकडे जरा वेळ बघत राहिली.

शनिवारी सकाळी काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, दुसरा ड्रायव्हर कोण? फॉर्मवर रकाना होता. कॅप्टन म्हणाले, वहिनींचं नाव लिहा, जहाजावर दुसरा अधिकारी लागतोच. लर्निंग असलं तरी शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसला तर चालतं, असं मुलीनं फोन करून विचारून घेतलं. मी म्हणालो, माझंही नाव कुठंतरी असू द्या. तिनं फॉर्म वरपासून खालपर्यंत शोधला आणि मला 'इतर' या रकान्यात घातलं.

गाडी पांढरी आणि लहानशी होती. कॅप्टन चालवायला, बायको त्यांच्या शेजारी नकाशा घेऊन, आणि मी मागे, मांडीवर थर्मास, बाजूला छत्री, पायाशी पाण्याच्या बाटल्या. मागच्या दाराला लहान मुलांसाठी असतं ते कुलूप लागलेलं होतं आणि ते कसं काढायचं ते कुणालाच समजेना. त्यामुळे दार आतून उघडत नव्हतं. जिथं थांबू तिथं मला उतरवायला कुणीतरी यायला लागायचं. पहिल्यांदा बायको आली, मग कॅप्टन आले, धक्क्यावर एक कोळीणबाई आली, तिनं जाळी बाजूला ठेवून मला बाहेर काढलं आणि आजोबा, जपून, असं म्हणाली.

पण खरं सांगतो, त्या धक्क्यावर मी अपमान विसरलो. इतका जवळ, इतका मोठा प्रकार एवढी वर्षं चालू होता आणि मला पत्ता नव्हता. बोटींच्या नाकाडावर डोळे रंगवलेले, बर्फाच्या लाद्या फोडून टोपल्यांत भरणं चाललेलं, पाण्यावर तेलाचे रंग. बायको धक्क्याच्या अगदी टोकापर्यंत चालत गेली आणि तिथं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. घरात तिला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. खाडीच्या पुलावर तिनं गाडी थांबवायला लावली आणि तिवरांच्या मुळांतून पळणारे लाल खेकडे दाखवले. मिठागरावर तिनं कामगाराला विचारलं, पाण्याचं मीठ व्हायला किती दिवस लागतात. तो म्हणाला, ऊन असलं तर थोडे, पण मध्ये हलवायचं नाही. ती म्हणाली, तेच अवघड.

कॅप्टनचं चालवणं सुधारलेलं नव्हतं. प्रत्येक वळणाआधी दोन लांब हॉर्न, मग आधी उलट्या बाजूला जाऊन मोठा वळसा. समोरून येणाऱ्या गाड्या आपली वाट बदलतील अशी त्यांची खात्री होती, आणि त्या बदलतही होत्या. मिठागराच्या पाटीला त्यांनी हळूच आडवं केलं. मी मागून म्हणालो, सिग्नल द्या. ते म्हणाले, परीक्षक, पुलावर प्रवाशांनी बोलायचं नसतं. आम्ही पुलावर नव्हतो. बोटीवर कॅप्टन उभा राहतो त्या जागेलाही पूल म्हणतात असं नंतर कळलं.

दुपारी वाळूवर पोचलो. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट दिसत होती. कॅप्टननी खिशातून भरती-ओहोटीचं पुस्तक काढलं, बोट फिरवलं आणि गाडी सरळ वाळूवर घेतली. अजून तीन तास पाणी येत नाही म्हणाले. नारळाच्या सावलीत गाडी उभी करून आम्ही डबा खाल्ला. डबा संपत आला तेव्हा बायकोला शंका आली, मघाशी पाणी त्या खडकापलीकडे होतं ना? कॅप्टननी पुस्तक पुन्हा उघडलं. पुस्तक गेल्या वर्षीचं होतं.

गाडी हलवायला गेलो तर चाकं फिरली आणि जागच्या जागी रुतली. कॅप्टननी आणखी जोर दिला, आणखी रुतली. मग मी आणि बायको मागून ढकलायला लागलो. आमची पद्धत चुकीची आहे हे दाखवायला कॅप्टन खाली उतरले, गुडघे वाकवले, दीर्घ श्वास घेतला आणि तसेच राहिले. कंबर धरली होती. आम्ही दोघांनी त्यांना धरून बाजूच्या कोरड्या वाळूवर उताणं झोपवलं. ते आकाशाकडे बघत म्हणाले, मला काही होत नाही, फक्त हलवू नका.

आता परिस्थिती अशी. पाणी चाळीस पावलांवर. गाडी सहा वाजेपर्यंत परत द्यायची, आणि परतीचा रस्ता दीपगृहाच्या टेकडीवरून. मी म्हणालो, मी बसतो, वाळू म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे, नियमाच्या व्याख्येत बसत नाही. बसलो. गाडी बंद पाडली, चालू केली, बंद पाडली, आणि आणखी वीतभर खाली घातली. पाणी तीस पावलांवर.

खालून आवाज आला, "वहिनी, लायसन्स तुमच्याकडेच आहे. मला शेजारी ठेवा, झालं काम."

बायको जागची हलली नाही. "मी बसणार नाही," ती म्हणाली.

"अगं, पाणी येतंय."

"येऊ दे. मी नापास आहे. चढावर माझी गाडी मागे जाते, असं तुम्ही लिहिलंय. पुढं दीपगृहाचा चढ आहे."

"पण लर्निंग काढलंस की."

"त्यात चढ नसतो. नुसते पाट्यांचे प्रश्न असतात."

ती चिडलेली नव्हती. वाण्याची यादी वाचावी तशा आवाजात बोलत होती. साडीचा काठ ओला झाला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, जशी बावीस वर्षांपूर्वी त्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून, मी फॉर्म भरत असताना बघत होती. तेव्हा मी मान वर केली नव्हती. मला भीती वाटली की आताही मी नियम, पाणी, वेळ असलं काहीतरी बोलून निभावून नेईन, गाडी बुडेल, आणि उरलेलं आयुष्य मी चहा करत राहीन.

"त्या दिवशी गाडी मागे गेली नव्हती," मी म्हणालो.

लाटांचा आवाज फार होता. "काय?" ती म्हणाली. मला ते परत, मोठ्यानं सांगावं लागलं. मग सांगायलाच लागलो आहे तर सगळंच सांगितलं. "एक बोटभरसुद्धा नाही. सगळे व्हरांड्यात उभे होते. तुला पास केलं असतं तर म्हणाले असते, बायको म्हणून केलं. मला त्यांची भीती वाटली. तुझ्यावर अन्याय झाला. मी केला."

कॅप्टन आकाशाकडे बघत अगदी निश्चल पडले होते. त्यांनी श्वाससुद्धा रोखला होता की काय कोण जाणे.

"मला माहीत आहे," बायको म्हणाली. "आरशात मागचा खांब दिसत होता. होता तिथंच राहिला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"चढावर थांबलं की ब्रेक सोडायचा नाही. क्लासात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हटलं धरून बसू, बघू तुम्ही कधी हलता."

एवढं बोलून तिनं पदर खोचला. चपला काढून एकमेकींवर आपटून वाळू झाडली, पुन्हा घातल्या आणि गाडीत बसली. सीट पुढे घेतली. आरसा फिरवला. मग खिडकीतून डोकं काढून मला सांगितलं, की नारळाखाली झावळ्या पडल्यात त्या चाकांपुढं सरकवा, आणि मी म्हणेन तेव्हाच ढकला, आधी नाही. मी झावळ्या ओढल्या. पाणी माझ्या घोट्याला लागलं. ती हो म्हणाली, मी ढकललं, गाडी झावळ्यांवर चढली, करकरली, आणि हळूहळू, कुठलीही घाई न करता, घट्ट जमिनीवर जाऊन उभी राहिली. मी तिथंच पाण्यात बसलो. माझे डोळे भरून आले होते, पण खारं पाणी सगळीकडेच होतं, त्यामुळे ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

कॅप्टनना उचलून पुढच्या सीटवर आडवं केलं. त्यांना फक्त गाडीचं छत दिसत होतं. तरी नियमाप्रमाणे ते शेजारी होते. मला मागे बसवून बायकोनं बाहेरून दार लावलं.

ती तीसच्या वर गेली नाही. प्रत्येक वळणाला सिग्नल दिला. छताकडे बघत कॅप्टन मधूनमधून म्हणायचे, वहिनी, आपण हलतोय ना? टेकडीचा चढ सुरू झाला आणि अर्ध्यावर पुढचा नारळाचा ट्रक थांबला. तिनंही थांबवली. मागे शाळेच्या मुलांची बस येऊन चिकटली, इतकी जवळ, की मुलांचं गाणं ऐकू येत होतं. पुढं ट्रक हलला.

अशा वेळी परीक्षकाची मान आपोआप मागे वळते. एकतीस वर्षं वळत आली आहे. रेघ कुठं, चाक कुठं, किती बोटं. मी मान दोन्ही हातांनी धरली. समोर तिचा अंबाडा होता, त्यात वाळूचे कण होते, आणि त्यातले पांढरे केस मला वाटले होते त्यापेक्षा जास्त होते. मी तिकडेच बघत राहिलो. तिनं क्लच थोडा वर घेतला, गाडी क्षणभर थरथरली, आणि निघाली.

वर पोचल्यावर तिनं हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. तिन्ही बाजूंनी पाणी होतं आणि मधोमध दीपगृह, आमच्या घरापासून दक्षिणेला.

"गेली का मागे?" तिनं आरशातून विचारलं.

"मी बघितलं नाही."

"का?"

"गरज वाटली नाही," मी म्हणालो. आणि मग मोठ्या समाधानानं, घसा साफ करून, जाहीर केलं, "पास."

"तुम्ही कोण मला पास करणार?" ती म्हणाली. "तुम्ही नापास आहात."

हे अगदी नियमाला धरून होतं आणि त्यावर अपील करायची माझी अजिबात इच्छा नव्हती.